लाल दिवा

३ मार्च
चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

बंद दारापुढे ताटकळलेल्या माझ्या भावा, तक्रार आपली दोघांचीही एकच: नाना दार उघडत नाहीत. गेल्या महिन्यात तू कडी वाजवून परत गेलास आणि मला चार पानी संताप लिहिलास. अरे, परवा मीही अर्धा तास कडी आपटली. शेजारीण आली, नाना आले नाहीत! त्यांना आता ऐकूच येत नाही. चाळीस वर्षं पत्रे ठोकणाऱ्या प्रेस मशीनपुढे उभं करून कारखान्यानं त्यांचे कान खाल्ले आणि निरोपाला काय दिलं, तर टिकटिकणारं घड्याळ!

म्हणून मी बिनतारी बेल आणली. भिंत फोडायला नको, वायर नको. बटण चौकटीला चिकटवलं, वाजणारी डबी नानांच्या खुर्चीसमोरच्या प्लगमध्ये खोचली. ती वाजते आणि लाल दिवाही उघडझाप करतो. तीनदा वाजवून पाहिली. ‘दिसतो, दिसतो, मी आंधळा नाही झालो,’ म्हणून नाना माझ्यावरच खेकसले.

तू संपात कामावर गेलास आणि युनियनवाल्या नानांशी बोलणं तुटलं, त्याला सात वर्षं झाली. हा अबोला आता पुरे. नाना ऐंशीचे झाले. जा.

लोभ आहेच, तो जरा पायांनी चालू दे.
तुझी ताई

१२ मार्च
ती. ताईस, सा. न.

तुझ्या शब्दाखातर शनिवारी गेलो. बटण दाबलं. बेल वाजली, बाहेर ऐकू आली. खिडकीतून लाल दिवाही दिसला. नाना खुर्चीतून उठले. क्षणभर वाटलं, आलेच.

त्यांनी दोन्ही हात वर केले, तळवे समोर धरले आणि तसेच उभे राहिले. दाराकडे एक पाऊल नाही. ‘येऊ नकोस’ हे याहून स्पष्ट कोण सांगणार? मी वळलो. आता बहिरेपणाचं पांघरूण घालू नकोस. पुन्हा जाणार नाही.

तुझ्यावर राग नाही.
धाकटा

१९ मार्च
चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

ताईनं तुझं पत्र माझ्यापुढे टाकलं. वाचून आधी मला हसू आलं, मग कागद घेऊन बसलो.

प्रेसवर लाल दिवा लागला की दोन्ही हात वर करायचे आणि दिवा विझेपर्यंत हलायचं नाही. ज्यांनी हे पाळलं नाही, त्यांची बोटं मी स्वतः फडक्यात गुंडाळली आहेत. ताईच्या वेळी ती समोर उभी होती, मला ठाऊक होतं. तू आलास तेव्हा डोक्याआधी हात उठले. दिवा विझला, भान आलं, दाराशी धावलो. तुझी पाठ कोपऱ्यावर वळत होती. हाक मारली. माझी हाक मलाच ऐकू आली नाही, तर तुला कुठून येणार?

संपात कामावर जाणं चूक होतं, हे मी आजही भर सभेत सांगेन. पण ते मत आहे, कडी नव्हे. पोराला दाराबाहेर ठेवा, असं कुठल्याही सभेत मी बोललेलो नाही.

दिव्याची लाल टोपी काढून मी हिरवा कागद चिकटवला आहे. हिरवा म्हणजे हात मोकळे. ताई रोज येते; तिला दहा वेळा बटण दाबायला लावून उठायचा सराव करतो. ती वैतागली आहे.

पण गुडघे दुखतात, वेळ लागतो. म्हणून येत्या रविवारी ये, बटण दाब आणि मी दार उघडेपर्यंत बोट काढू नकोस.

नाना