साडेनऊ मिनिटांचा इलाज

आदरणीय मेहुणेबुवांस,

थोरल्या दादाचा मनापासून नमस्कार. तुमचे गुडघे, आमच्या धाकट्या बहिणीचा रक्तदाब आणि तुमचा फोन या तिघांची प्रकृती कशी आहे ते कळवावे. (फोनची चौकशी मुद्दाम केली आहे.) आम्ही इकडे जिवंत आहोत. हे वाक्य एरवी हात आपोआप लिहितो, या वेळी मी विचार करून लिहिलं आहे.

गेल्या महिन्यात तुमचा निरोप फोनवर आला. 'जगप्रसिद्ध हृदयतज्ज्ञ सांगतात, रक्तदाबाच्या गोळ्या कायमच्या बंद करा. सकाळी उपाशीपोटी दोन पेले कोमट पाणी प्या आणि डाव्या कुशीवर साडेनऊ मिनिटं पडून राहा.' चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस मी. 'दहा मिनिटं' लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं; पण साडेनऊ म्हटल्यावर वाटलं, या माणसाने मोजलेलं आहे. गोळ्या वरच्या फळीवर टाकल्या आणि झालो डाव्या कुशीवर. ही म्हणाली, "हे काय नवीन खूळ?" म्हटलं, "शास्त्र आहे." तर म्हणते, "शास्त्र आटोपलं की उठून पाणी भरा." तीन आठवडे असं चाललं. मान जड झाली, जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मला वाटलं, इलाज लागू पडतोय.

आता माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं जे काही शिकलो ते वाचनालयात बसून, त्यामुळे छापील पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून त्या हृदयतज्ज्ञांचं पुस्तक मागायला गेलो. आमच्या ग्रंथपालबाई हळू बोलणाऱ्या. परत आलेल्या पुस्तकांतून लोकांनी विसरलेल्या खुणा काढून एका डब्यात जपून ठेवतात (बसची तिकिटं, केसांच्या पिना, एकदा एक अख्खा पायमोजा). त्यांनी निरोप दोनदा वाचला, खोटा म्हणून म्हणाल्या नाहीत.

"या डॉक्टरांचं नाव काय?"

"जगप्रसिद्ध आहेत."

"हो, पण नाव?"

नाव नव्हतं. हे कधी सांगितलं, तर तारीख नव्हती. किती जणांवर करून पाहिलं, तर तेही नव्हतं. मग त्यांनी रक्तदाबावरची दोन पुस्तकं काढली, आधी छापल्याचं साल पाहिलं आणि त्यातलं एक जुनं म्हणून तिथेच बाजूला ठेवलं. दुसऱ्यात कुशीचा उल्लेखही सापडेना. शेवटी त्या सहज म्हणाल्या, "दादा, एक कळत नाही. साडेनऊच का? दहा का नाही?"

आणि मेहुणेबुवा, माझ्या तोंडून निघून गेलं, "दहाव्या मिनिटाला दुकान उघडायला लागायचं ना."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पोटात वारा धरला की दुकान उघडण्यापूर्वी कोमट पाणी पिऊन मी बाकावर डाव्या कुशीला पडायचो, आणि गजर लावायचो साडेनऊ मिनिटांचा. अकरा वर्षांपूर्वी तुमचं पोट बिघडलं तेव्हा हे मीच तुम्हाला पत्रातून लिहिलं होतं. तुम्ही ते कौतुकाने फोनमध्ये उतरवून चार जणांना धाडलंत, चारांनी चाळिसांना. वाटेत कुणी पोटाचं हृदय केलं, कुणी गोळ्या बंद केल्या, कुणी मला जगप्रसिद्ध केलं. आणि काखेत कळसा गावाला वळसा, तसा मी स्वतःचंच पुस्तक मागायला वाचनालयात उभा.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गोळी घ्या की नको, हे सांगणं माझं काम नाही. डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून देते. पण आजच जा." एका कोऱ्या कार्डावर तीन प्रश्न लिहून दिले: ही गोळी करते काय, किती दिवस घ्यायची, मध्येच सोडली तर काय होतं.

डॉक्टरांनी यंत्राचा पट्टा तीनदा आवळला. वरचा आकडा एकशे चौऱ्याण्णव. कार्ड पाहून तेही चकित झाले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच खुर्ची पुढे ओढून समजावत बसले. तेव्हा कळलं की गोळीने रक्तदाब बरा होत नाही, आवाक्यात राहतो. घड्याळ नीट चालतंय म्हणून चावी द्यायचं कुणी थांबवतं का? मी थांबवलं होतं. गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली.

घरातल्या सर्वांना आशीर्वाद आणि माझ्या हस्ताक्षराला क्षमा.

तुमचा,
दादा

ता. क. खुलासा म्हणून मी सगळ्या नातेवाइकांना कळवलं: 'तो उपाय माझा होता, पोटासाठी होता, मी घड्याळजी आहे, गोळ्या सोडू नका.' कुणी पुढे पाठवला नाही. उत्तर एकच आलं: 'दादा, तुझं ठीक आहे, पण मोठे डॉक्टर वेगळं सांगतात. मी महिनाभर गोळीला हात लावलेला नाही.' पाठवणारी आमची धाकटी. हे तुम्हाला ठाऊक नसावं, अशी आशा आहे.

ता. ता. क. फोनवर धाकटी माझं ऐकत नाही, म्हणून हे पत्र टपालात न टाकता आमच्या हिच्या हाती दिलं आहे. ही तुमच्यासमोरच उभी आहे. बसायचा आग्रह करू नका, खाली गाडी थांबवून ठेवली आहे. धाकटीला चपला घालायला सांगा.