खालच्या गल्लीतला एक ग्लास

२ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. ऑफिसात काही बोललो की ते साहेबांच्या कानावर जातं आणि घरी बोललो की बायकोच्या माहेरी. वही तेवढी कुणाला सांगत नाही.

संकल्प : चिडायचं नाही. नर्सबाईंचं नाव काढायचं नाही. अक्षर सुधारायचं.

नर्सबाईंनी आज पुन्हा दवाखान्याच्या दारात फळा टांगला. खालच्या गल्लीतल्या लोकांनी पाणी उकळून, गाळून, झाकून प्यावं म्हणे. सही नाही, तारीख नाही, नुसता खडू. एकोणतीस वर्षं मी या गावाचं पाणी तपासतोय. मे अखेरीला रिटायर होईन. आणि ही बाई, बदली होऊन येऊन धड दोन वर्षं झाली नाहीत, ती माझं पाणी गाळायला निघाली.

दोन संकल्प पहिल्याच दिवशी मोडले. अक्षर मात्र बरं आलंय.

३ मार्च, मंगळवार, सकाळी ७.१०

टाकीखालच्या नळाचं सॅम्पल घेतलं. औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळंधमक. म्हणजे क्लोरीन भरपूर. रजिस्टरात वरची आळी, बाजार, शाळा आणि खालची गल्ली अशा चारही रकान्यांत एकच आकडा लिहिला. टाकी एक, पाणी एक, मग चार ठिकाणी चपला कशाला झिजवायच्या? साहेब नवीन होते तेव्हा विचारत होते, चारही नळांवर रोज जाता का. मी म्हटलं, आकडे बघा. त्यांनी बघितले. चारही ठिकाणी सारखे, वर्षभर सारखे. इतकं नियमित काम त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं म्हणाले.

रजिस्टर शुक्रवारपर्यंत भरून टाकलं. कामं तुंबलेली मला खपत नाहीत.

४ मार्च, बुधवार

आक्काकडे गेलो होतो. उगाच गेलो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आक्कानंच मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, चार ठोकेही घातले. आता पंचाहत्तरीला आलीय. खालच्या गल्लीत शेवटून दुसरं घर. तर आज माझ्यादेखत स्टोव्हवर हे भलं मोठं पातेलं, आणि त्यात पाणी खळाखळा उकळतंय. मी विचारलं, हे काय. तर म्हणाली, गेल्या वर्षी पोट बिघडलं तेव्हापासून नर्सबाईंनी सांगितलंय, तुझ्यावर माझा विश्वास आहे रे, पण सांगितलंय ना त्यांनी.

त्या ‘पण’नं माझा संपूर्ण दिवस नासला. अख्ख्या गावानं उकळावं, माझी हरकत नाही. सख्खी बहीण माझं पाणी उकळून पिते, हे कुणाला सांगायचं?

संकल्प : रिटायर होण्यापूर्वी आक्काचं ते पातेलं स्टोव्हवरून खाली उतरवायचं.

५ मार्च, गुरुवार

फिटर शहाणपणा शिकवायला आला. खालच्या गल्लीची पाइप गटारातून गेलीय, दोन ठिकाणी गंजून चाळण झालीय. नळ सुरू असतो तोवर पाणी बाहेर गळतं, त्याचं काही नाही. पण तासाभरानं सप्लाय बंद झाला की रिकामी पाइप बाहेरचं आत ओढून घेते. आणि बाहेर काय आहे, तर गटार. साहेबांना लेखी द्या, असं मला म्हणाला.

मी म्हटलं, तू पाना धर.

लेखी द्यायला माझं काय जातंय? पण मग साहेब विचारणार, पाइप फुटकी होती तर तुमचे आकडे इतके सुरेख कसे? हा प्रश्न विचारायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. माणूस तरुण आहे, मन खट्टू होईल. जूनमध्ये माझ्या जागी नवा कुणी येईल. नव्या माणसाला उत्साह असतो. त्यानं लिहावं.

७ मार्च, शनिवार

आज पाणीप्रश्नावर सभा होती. नर्सबाई उभ्या राहिल्या आणि कागद वाचू लागल्या. महिन्याभरात जुलाबाचे पेशंट खालच्या गल्लीतले एकोणीस, वरच्या आळीतले दोन. मी शांतपणे म्हटलं की खालच्या गल्लीत हात धुवायची सवय नाही. त्यावर तो शिंपी, ज्याला सरळ शिवण घालता येत नाही, उठून म्हणाला की हात धुवायचे कशानं, ह्याच पाण्यानं ना? सगळी सभा फिदीफिदी हसली. साहेबसुद्धा. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला, पण खांदे हलत होते.

माझं डोकं सटकलं. म्हटलं, खालच्या गल्लीतला हवा तो नळ दाखवा, सगळ्यांसमोर ग्लासभर पाणी पिऊन दाखवतो!

टाळ्या पडल्या. नर्सबाईंनी तेवढं विचारलं, कधी. मी म्हटलं, येत्या शनिवारी.

बोललो ते बोललो. माझ्यासारखा माणूस शब्द मागे घेत नाही. साहेबांना विचारून पाहिलं, घेता येईल का. ते म्हणाले, आता फोटोग्राफर सांगितलाय.

८ मार्च, रविवार

भीती नाही. पोट आधीपासूनच नाजूक आहे, ती गोष्ट वेगळी.

बायको म्हणाली, अहो, घरी तर तुम्ही फिल्टरशिवाय गुळणीसुद्धा करत नाही. तो फिल्टर सासऱ्यांनी दिलाय. मोठ्या माणसाचा मान राखायचा म्हणून त्यातलं पितो. हे तिला एकोणीस वर्षांत समजलेलं नाही.

१० मार्च, मंगळवार

फिटरला टाकीवर बोलावून प्लॅन सांगितला. गुरुवारी सकाळी खालची लाइन सुरू करायची ती शनिवार संपेपर्यंत बंद करायची नाही. टाकीत ब्लीचिंग पावडर दुप्पट. म्हणजे पाइप रिकामी होणार नाही, ओढणार नाही, आणि गटार गटाराच्या जागी राहील.

फिटर म्हणाला, पण मग ते त्यांचं रोजचं पाणी नाही. मी विचारलं, पाहुणे यायचे म्हणून आपण घर झाडतो, मग ते घर आपलं नसतं का? जाताना त्यानं दोनदा विचारलं, आणि रविवारी? मी म्हटलं, रविवारी सुट्टी असते.

ही फसवणूक नव्हे. तयारी. शुक्रवारी स्वतः खालच्या गल्लीतल्या नळावर जाऊन टेस्ट करायची ठरवलंय. त्या नळावर जाऊन किती दिवस झाले, आठवत नाही. दिवस नव्हे, वर्षं म्हणायला हवं. पण गरजच पडली नाही.

१२ मार्च, गुरुवार

आरशासमोर ग्लास घेऊन प्रॅक्टिस. एका दमात संपवला तर घाई दिसते. घोट घोट घेतला तर संशय दिसतो. दोन मोठे घोट, मध्ये नर्सबाईंकडे एक नजर, मग उरलेला. असं ठरवलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

१४ मार्च, शनिवार, दुपारी १

जिंकलो!!

सगळं सविस्तर लिहितो. आक्काच्या घरासमोरचा कोपऱ्यावरचा नळ. साठ-सत्तर माणसं. आधी थेंब टाकले. पाणी असं पिवळं झालं की मागच्या रांगेतल्यांनाही दिसावं. मग ग्लास भरला. दोन घोट, नजर, उरलेला. मी दुसरा ग्लास भरला. हा प्रॅक्टिसमध्ये नव्हता, आतून आला.

नर्सबाईंनी हळूच विचारलं, दोन दिवस नळ सारखा सुरू आहे, हे कसं काय? मी मोठ्यानं म्हटलं, ह्याला सेवा म्हणतात. हशा पिकला, आणि ह्या वेळी माझ्या बाजूनं. त्यांनी एक बाटली भरून घेतली. म्हटलं, दहा भरा.

तेवढ्यात आक्का गर्दीतून वाट काढत आली. डोळे भरलेले. माझ्या हातातला ग्लास घेतला, तळाशी राहिलेलं पाणी पिऊन टाकलं आणि सगळ्यांना सांगितलं, ह्याला मी वाढवलाय, हा खोटं बोलायचा नाही. आजपासून मी पाणी उकळणार नाही. तिच्यामागोमाग आणखी चौघी-पाच जणी तसंच म्हणाल्या. शिंप्यानं माझा हात हातात घेतला. नर्सबाई सांगत होत्या, असं करू नका, उकळा. कोण ऐकतंय!

एकोणतीस वर्षांत लोकांनी पहिल्यांदा माझं ऐकलं. घरी येऊन थोडा रडलो. डोळ्यांत बहुतेक पावडर गेली असावी.

१५ मार्च, रविवार

पोट ठणठणीत. बायकोला तीनदा सांगितलं.

फिटर घरी आला. लाइन पुन्हा रोजच्यासारखी एका तासावर आणलीय. आक्कांना उकळायला सांगून येऊ का म्हणाला. मी म्हटलं, खबरदार.

आक्काला एकटीला गाठून सांगावं, असं एकदा मनात येऊन गेलं. पण तिच्या पोटात काही राहत नाही. दुपारी सांगितलं तर संध्याकाळी गल्लीभर होईल. जूनमध्ये सांगू. जूनमध्ये सांगायला काहीच हरकत नाही.

१७ मार्च, मंगळवार

राहवलं नाही, आक्काकडे गेलो. पातेलं घासून फळीवर पालथं घातलंय. संकल्प पुरा झाला. तिनं नळाच्या घागरीतलं पाणी ग्लासात ओतून माझ्यापुढे धरलं, मोठ्या कौतुकानं. मी म्हटलं, आत्ताच चहा झालाय. मग ते तीच प्याली.

पाणी दिसायला स्वच्छ होतं. मी नीट बघितलं.

परत येऊन रजिस्टर शनिवारपर्यंत भरलं.

१९ मार्च, गुरुवार

नर्सबाईंच्या बाटलीचा लॅब रिपोर्ट आला. पाणी पिण्यास योग्य! साहेबांनी तो त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावला. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. जिंकल्यावर माणसानं फार बघू नये. त्या म्हणाल्या, हा शनिवारच्या पाण्याचा रिपोर्ट आहे, आता गुरुवारचं सॅम्पल घेऊ द्या. हरलेल्या माणसाचं असंच असतं, वार बदलून मागतो.

दुपारी समजलं, शिंप्याचं दुकान बंद आहे. सकाळपासून उठू शकत नाही म्हणे. बाहेर काहीतरी खाल्लं असणार. जिभेवर ताबा नाहीच त्याचा, सभेत पाहिलंच.

२० मार्च, शुक्रवार

खालच्या गल्लीतले अकरा जण दवाखान्यात. उलट्या, जुलाब. साहेबांनी बोलावून विचारलं, आजचं पाणी कसं आहे. रजिस्टर उघडून दाखवलं. आजचं पाणी शुद्ध आहे. तसं मंगळवारीच लिहून ठेवलंय.

साहेबांनी पान उलटलं. उद्याचं पाणीही शुद्ध निघालं. मी समजावून सांगणार होतो की ही माझी पद्धत आहे, पण त्यांनी रजिस्टर कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

मी शांत आहे. साथ असेल काहीतरी. हवेतली.

त्याच दिवशी, दुपारी ४

फिटर सांगत आला. बारावी आक्का.

२१ मार्च, शनिवार

सकाळपासून दवाखान्यात. आक्काला सलाइन लावलंय. चार दिवसांपूर्वी माझ्यापुढे ग्लास धरणारा हात तो हाच, असं वाटत नाही. नर्सबाई बारा खाटांमधून एकट्या धावतायत. मला काहीतरी बोलतील म्हणून मी उत्तरं तयार करून गेलो होतो. त्या काहीच बोलल्या नाहीत. फार राग आला.

मग त्या कागद घेऊन आल्या आणि पेशंटनं कुठलं पाणी घेतलं ते विचारलं. आक्कानंच उत्तर दिलं. आवाज कसला, नुसता श्वास. पाण्याचं काही विचारू नका, पाणी माझ्या भावानं तपासलंय, माझंच काहीतरी शिळं खाण्यात आलं असेल. नर्सबाई माझ्याकडे बघत राहिल्या. पेन कागदावर टेकलेलं. मी सलाइनच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत होतो. त्यांनी ती ओळ रिकामी ठेवली आणि शिंप्याच्या खाटेकडे वळल्या.

आक्कानं पाणी मागितलं. मी ग्लास घेऊन वऱ्हांड्यात गेलो, नळ सोडला, भरून आणला. सवय. खाटेशी पोचल्यावर ध्यानात आलं की हा दवाखानाही खालच्याच लाइनवर आहे. आक्कानं मान उचलली, तोंड उघडलं. लहान मूल आईपुढे उघडतं तसं. माझा हात काही पुढे जाईना. ग्लास खाटेखालच्या तस्तात ओतून टाकला. आक्का म्हणाली, अरे, सांडलंस का.

नर्सबाईंना हाक मारली. म्हटलं, थोडं उकळलेलं पाणी मिळेल का.

आवाज अगदी खाली ठेवला होता. तरी शिंप्यानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाईनंही. नर्सबाईंनी कागद पुन्हा पुढे घेतला, मघाची ओळ भरली, मग आतून झाकलेला जग आणून माझ्या हातात दिला. कोमट होतं. मी चमच्यानं पाजलं. आक्का सगळं प्याली. मग तिनं विचारलं, तुला माहीत होतं का रे?

मी म्हटलं, ग्लास धुऊन आणतो. नळापर्यंत गेलो आणि ग्लास न धुताच परत आलो.