ओठावरचा फोड

प्रिय चिमणे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलंस, तर तेवढ्यानंच मला पुष्कळ वाटेल. दोन वर्षं झाली आपण बोललो नाही. त्याआधी सहा वर्षं पडद्यांच्या कारखान्यात एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना बसून आपण शिवत होतो. मी बोलणं का तोडलं, हे तुला कधी सांगितलं नाही. लाज वाटत होती. आजही वाटते, पण सांगते.

त्या वर्षी ताप आलाय म्हणून मी आठवडाभर घरी होते. ताप होताच, पण खरं दुखणं वेगळं होतं. लघवीच्या जागी बारीक बारीक फोड, जांघेत गाठी, आणि लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हर्पिस दिसतोय. हा शरीरसंबंधातून पसरतो." पुढेही त्या बरंच बोलत होत्या, पण माझे कान तिथेच बंद झाले. नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष मला माहीत नाही. म्हणजे त्यानंच कुठून तरी आणलं, हे मी दवाखान्याचा जिना उतरतानाच ठरवून टाकलं.

त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो सावध झाला असता. तो आंघोळीला गेला की मी त्याचा फोन चाळायची, कॉलरचा वास घ्यायची. काही सापडायचं नाही, आणि सापडत नाही म्हणजे सगळं फार हुशारीनं चाललंय असं वाटायचं. मग मी कामावर परत आले. चहाच्या वेळी तू समोर बसलीस आणि तुझ्या खालच्या ओठाच्या कडेला फोड दिसला. अगदी तसाच फोड थोड्याच दिवसांपूर्वी त्याच्या ओठावर येऊन गेला होता. कारखान्यातून खिडक्यांची मापं घ्यायला अधूनमधून तू जायचीस, पडद्यांचे रॉड बसवायला माझा नवरा, आणि गाडी एकच. तू म्हणालीस, "ताई, तापाचा फोड आहे, जाईल दोन-चार दिवसांत." मी मनात म्हटलं, किती सफाईनं खोटं बोलते ही.

त्यानंतर तुझं काहीच मला साधं वाटेना. तू हसलीस तरी कुणाकडे बघून हसलीस ते मी पाहायची. मी टेबल बदलून घेतलं. "ताई, माझं काही चुकलं का?" असं विचारायला तू आलीस, तेव्हा मी मान वर न करता मशीन चालवत राहिले. पुढे तुझं घड्याळवाल्याशी ठरलेलं लग्न मोडलं आणि तू काम सोडून गेलीस. खरं सांगते, त्या दिवशी मला बरं वाटलं.

गेल्या महिन्यात ते दुखणं पुन्हा उठलं. या वेळी मी नवऱ्याला ओढतच त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्याच्या तोंडून कबुली ऐकायची होती मला. बाईंनी माझ्या फोडातलं पाणी तपासायला पाठवलं आणि त्याला एवढंच विचारलं, "तुम्हाला ओठावर फोड येतात का?" तो म्हणाला, "लहानपणापासून. सर्दी झाली, जागरण झालं की येतात. आईलाही यायचे." तपासणीत तोच ओठावरचा प्रकार निघाला. बाईंनी न लाजता समजावलं, की हा तोंडाकडून तोंडाकडे जातो, तसाच तोंडाकडून खालीही जातो. कातडीला कातडी लागली की पुरे, आणि कधी कधी फोड दिसत नसतानाही जातो. चिमणे, माझ्या पहिल्या दुखण्याच्या आधीच्या आठवड्यात त्याच्या ओठावर फोड होता आणि आम्ही नवराबायको जसे जवळ आलो होतो, ते मी लिहीत नाही, तू समजून घे. तो संबंधच नव्हे, त्यातून काय होणार, असं आम्हा दोघांना वाटायचं.

मी तरीही अडून विचारलं, "मग दुसऱ्या एका बाईच्या ओठावर तसाच फोड कसा?" त्या म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या माणसांच्या अंगात हा असतो. बहुतेकांना लहानपणीच, कुणी तरी पापा घेतला म्हणून मिळालेला." त्यांनी हेही सांगितलं, की कुणाकडून आला ते तपासणी सांगत नाही. पूर्वीची मी असते तर तेवढंच धरून बसले असते. कधी कधी अजूनही त्याची गाडी यायला उशीर झाला की मी खिडकीशी जाते. मग तुझा तो प्रश्न आठवतो आणि परत येऊन बसते.

हे सगळं मी पोटात ठेवून गप्प राहिले असते. पण कारखान्यातले आपले कापड कापणारे काका परवा म्हणाले, की तू भावाच्या घरी पाऊल टाकत नाहीस, कारण घड्याळवाल्याच्या दुकानात दाराखालून सरकवलेली, तुझं लग्न मोडणारी ती निनावी चिठ्ठी तुझ्या वहिनीनं लिहिली असं तू धरून चालली आहेस. तिनं नाही लिहिली. तुझं एका लग्नाच्या माणसाशी लफडं आहे असं मी लिहिलं, डाव्या हातानं, तुझ्या टेबलाशी बसून. घड्याळवाल्याला आजच वेगळं पत्र टाकलंय, खाली माझी सही आहे. मला माफ कर असं मी म्हणत नाही. तू वहिनीकडे जा.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क घालवून बसलेली,
ताई