पहिलं घर उभं राहीपर्यंत

सातारा, ६ जुलै २०२५

ती. चंदनबाला आत्यास,
सम्मेदचा शि. सा. न. वि. वि. आणि जय जिनेंद्र.

बाबा हो म्हणाले! पहिल्या वर्षी मी मोबाइलवर खेळत बसलो आणि दोन विषय गेले, तेव्हापासून कॉम्प्युटर हा शब्द काढला तरी ते उठून जायचे. तुम्ही येऊन काय सांगितलंत कोण जाणे. एवढंच म्हणाले की ताईनं शब्द दिलाय, ड्रॉइंग सोडून त्यावर दुसरं काही होणार नाही.

कॉम्प्युटर घ्यायचा तर हातानं लिहिणं सुटता कामा नये, सगळं पत्रानं कळवायचं, ही तुमची अट मान्य. दुकानातला तयार घेणार नाही. सुटे भाग आणून घरीच जोडायचा, म्हणजे स्वस्तात चांगला होतो. प्रोसेसर म्हणजे त्याचं डोकं. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, मोठा असला की एका वेळी जास्त भांडी मांडता येतात. मदरबोर्डवर हे सगळं बसतं आणि एसएमपीएस सगळ्यांना वीज वाटतो. माझा वर्गमित्र शिवतेज यातला जाणकार आहे, तो जोडायला मदत करणार. सिव्हिलच्या मुलाला घरांची ड्रॉइंग कॉलेजात रांग लावून काढावी लागतात, तो त्रास संपेल.

कीर्तीताईला नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुमचा,
सम्मेद


सांगली, १६ जुलै २०२५

चि. सम्मेद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून वाचता येतं, हे पाहून बरं वाटलं. ओट्याचं उदाहरण आवडलं. बाकीचं कीर्तीला विचारलं, तर कुपवाडला ऑफिसात रोज कॉम्प्युटरपुढं बसणारी माझी लेक म्हणाली, आई, मला फक्त चालू-बंद करता येतो.

तुझ्या वडिलांना मी वेगळं काही सांगितलं नाही. पोराचं मन घरं बांधण्यात आहे आणि त्याची जबाबदारी माझी, एवढंच म्हणाले. शाळेत असताना तू वाळूत घरं मांडायचास, ती तुडवली म्हणून रडायचास. मी विसरले नाही.

इकडे आपल्या मंदिरात, बस्तीत, आर्यिका माताजींचा चातुर्मास सुरू झाला. मीही एक लहानसा नियम घेतला आहे. काय ते विचारू नकोस, नियम सांगत सुटायचे नसतात. तू फक्त एवढं कळव, कॉम्प्युटर सुरू कधी होणार? आणि त्यावर पहिलं घर कधी उभं राहणार? शिक्षिका होते, विचारायची सवय जात नाही.

जपून राहा, जेवत जा.

तुझी आत्या


सातारा, २१ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. कॉम्प्युटर अजून झाला नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि कॅबिनेट येऊन पडलंय. कॅबिनेटला समोर तीन पंखे आहेत, त्यात रंगीत दिवे लागतात. आई म्हणते, गणपतीच्या मखराला घ्यायचं होतं का.

अडलंय ते ग्राफिक कार्डाशी. मी घेतलेला प्रोसेसर चित्रं स्वतःच दाखवतो, वेगळं कार्ड नसलं तरी कॉलेजचं ड्रॉइंग आरामात होतं, असं शिवतेजचं म्हणणं. पण मला वाटतं, एकदाच करायचं तर नीट करावं. नवं कार्ड परवडत नाही, म्हणून वापरलेलं शोधतोय. रॅमसुद्धा थांबून घेणार, दिवाळीत भाव पडतील. शिवतेज मात्र रोज डोकं खातो की आत्ताच घे गड्या, पुढं लय महाग हुईल. त्याला घाई फार.

तुम्ही काळजी करू नका. उशीर होतोय तो चांगल्यासाठीच.

तुमचा,
सम्मेद


सांगली, २९ ऑक्टोबर २०२५

चि. सम्मेद यास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीला तू आला नाहीस, घर सुनं वाटलं. कीर्तीनं बेसनाचे लाडू केले होते. मी खाल्ले नाहीत, तर ती रुसून बसली. सध्या ती माझ्यावर रागावलेलीच असते. पायात गोळे येतात म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हाडं ठिसूळ झालीत म्हणून सांगितलं आणि रोज दूध घ्यायला बजावलं. मी बरं म्हणाले आणि घरी येऊन काळा चहा केला. त्यावरून पुन्हा भांडण. वय झालं की पाय कुरकुर करणारच, त्याचं एवढं काय.

चातुर्मास संपला की बायका आपापले नियम सोडतील. माझा मात्र चातुर्मासाशी बांधलेला नाही. तुझं चालू दे, घाईनं काही बिघडवू नकोस. पण सम्मेद, जरा लवकर झालं तर बरं.

तुझी आत्या


सातारा, ९ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कॉम्प्युटर सुरू झाला! रॅमनं मात्र जीव काढला. दिवाळीत भाव पडायचे सोडून दुपटीच्या वर गेले. शिवतेजनं तोंडावर हसून घेतलं. शेवटी ठरवलेल्यापेक्षा निम्मीच रॅम घातली. वापरलेलं कार्ड मिळालं, ते उत्तम चालतंय. बटण दाबलं आणि तिन्ही पंखे फिरले तेव्हा आईनं हळदकुंकू लावलं.

तुम्ही विचारलं होतं, म्हणून सांगतो. पहिलं घरही काढलं. दोन खोल्यांचं, पुढं पायरी, मागं न्हाणीघर. चांगलं जमलंय.

जास्त लिहीत नाही. तब्येत सांभाळा, डॉक्टरांचं ऐका.

तुमचा,
सम्मेद


सांगली, १७ डिसेंबर २०२५

चि. सम्मेद यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि बाळा, मी देवापुढं जाऊन बसले. आता सांगायला हरकत नाही. आषाढात माताजींसमोर मी नियम घेतला होता, की माझ्या सम्मेदच्या कॉम्प्युटरवर पहिलं घर उभं राहीपर्यंत दूध आणि दुधाचं काहीही घेणार नाही. चहात नाही, ताक नाही, भातावर तूप नाही. मला वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न. तुला कळवलं असतं तर तू माझ्यासाठी घाई केली असतीस, म्हणून बोलले नाही. कीर्तीलाही शपथ घातली होती.

काल पारणं केलं. कीर्तीनं खीर केली. शेजारच्या सुलाबाई आणि बस्तीतल्या चार जणी आल्या. मी सगळ्यांना तुझं घर सांगितलं, पुढची पायरी, मागचं न्हाणीघर. सुलाबाई म्हणाल्या, आवं, पोरगं लय गुणाचं हाय तुमचं. पहिला घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. चव विसरले होते.

त्या घराचं चित्र पाठव. भिंतीवर लावते.

तुझी आत्या


सातारा, २३ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चित्र पाठवू शकत नाही. घर काढलेलंच नाही.

आत्या, कॉम्प्युटर खेळासाठीच हवा होता. पहिल्यापासून. ड्रॉइंगपुरता तो ऑगस्टातच सुरू झाला असता, उरलेले भाग तेव्हा स्वस्तात मिळत होते. पण वेगळ्या कार्डाशिवाय नवे खेळ अडखळतात, म्हणून मी थांबलो. चांगल्यासाठी उशीर होतोय असं तुम्हाला लिहिलं, तेव्हाही लिहिताना हात अडला होता. सुरू झाल्यावर रोज गाड्यांच्या शर्यती खेळलो. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर अजून टाकलेलंसुद्धा नाही. तुम्ही दर पत्रात विचारता, काहीतरी लिहायला हवं, म्हणून दोन खोल्या आणि न्हाणीघर मनानंच लिहून टाकलं.

मी कार्ड शोधत हिंडत होतो आणि तुमच्या पायांत गोळे येत होते. वर मीच तुम्हाला डॉक्टरांचं ऐका म्हणून लिहिलं. तुमचं पत्र आल्यापासून ते पंख्यांचे दिवे बघवत नाहीत. मला लाज वाटते. चार बायकांसमोर तुम्ही माझं खोटं घर सांगितलंत. माफ करा म्हणायचीही हिंमत होत नाही.

सम्मेद


सांगली, १ जानेवारी २०२६

चि. सम्मेद यास,
आशीर्वाद.

वाईट वाटलं. फार वाटलं, ते लपवत नाही. खेळाचं नाही, मुलं खेळतातच. मला विचारलं असतंस तर खेळासकट तुझ्या वडिलांशी भांडले असते.

नियम पुन्हा धरला आहे. माताजी पुढच्या गावी गेल्या, म्हणून एकटीच बस्तीत जाऊन घेतला. तुला शिक्षा म्हणून नाही, असं मनात आणू नकोस. घर उभं राहिलं नव्हतं आणि मी दूध प्यायले, एवढीच गोष्ट आहे. कीर्ती घरात तुझं नाव काढू देत नाही. तिचंही बरोबर आहे.

तुझ्या वडिलांना मी काही कळवलेलं नाही. माझ्या शब्दावर त्यांनी होकार दिला होता, त्यांना तू सांगायचं. ते कार्ड रागानं उपटून टाकू नकोस, तसल्या नाटकाचा मला उपयोग नाही. आणि माझ्यासाठी घाईनं कसलंतरी घरही काढू नकोस. काळ्या चहाची मला आता सवय झाली आहे. खोट्याची होणार नाही.

तुझी आत्या


सातारा, २६ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना सांगितलं. ते ताटावरून उठून गेले. तीन-चार दिवसांनी आपणहून खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, दाखव काय काढतोस ते.

तुमचंच घर काढलंय. सॉफ्टवेअर शिकण्यातच बरेच दिवस गेले, रॅम कमी म्हणून मध्येच अडकतं. पहिल्यांदा दार भिंतीत उघडत होतं, ते पुन्हा केलं. बाहेरच्या खोलीची मापं आठवणीनं जुळली, स्वयंपाकघराच्या खिडकीची रुंदी काही केल्या आठवेना. लहानपणी सुट्टीत आलो की तुम्ही त्या खिडकीत उभ्या राहून दोन पेल्यांत दूध वरखाली करून गार करायचात. तुमचे दोन्ही हात मावायचे, तेवढी ठेवली आहे. आल्यावर टेप लावून बघीन, चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त करीन.

कागद छापून घेतलाय. रविवारी पहिल्या एसटीनं निघतोय, दिवस मावळून तुमचं खाणंपिणं बंद व्हायच्या पुष्कळ आधी पोचेन. कीर्तीताईनं दारात उभं केलं तर तिथंच उभा राहीन. तुम्ही दूध तापवून ठेवा. गार मी करतो.

तुमचा,
सम्मेद