मंडईतला हार आणि एकच ‘नाही’

१६ डिसेंबर, शनिवार
पुण्याजवळ मांजरीत नव्या सोसायटीच्या बागेचं उद्घाटन. साउंड माझं: दोन स्पीकर बॉक्स, एक पोडियम माइक, एक कॉर्डलेस. आमदार रावसाहेब सव्वा तास उशिरा – म्हणजे वेळेवरच.
भाषणात म्हणाले, “जुन्या मंडया हे शहराच्या चेहऱ्यावरचे डाग आहेत. परवा नागपूरच्या अधिवेशनात गाळ्यांचं विधेयक आलं, मी त्याला ठाम पाठिंबा दिला.” सोसायटीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ऊस तोडून झालेल्या शिवारात एसी भाजीबाजार हवा आहे.
विधेयक असं – महापालिकेच्या मंडईतल्या गाळ्याचा करार संपला की गाळा लिलावात. जो जास्त बोलेल त्याचा. मंडईत स्पीकर दुरुस्त करणाऱ्या माझ्या दोस्ताचा, मेहबूबचा, करार मार्चअखेर संपतो. मिक्सरवरचा हात क्षणभर थांबला माझा.

१७ डिसेंबर, रविवार
आज सदाशिव पेठेत छोट्या दुकानदारांचा मेळावा. तेच रावसाहेब, तेच जाकीट, माइकही माझाच.
“गरिबाच्या गाळ्यावर हात टाकणारं हे विधेयक! माझा विरोध होता, आहे आणि राहील.”
इथे टाळ्या जास्त. मला हसू आवरेना. माझा ऑपरेटर कासिम म्हणाला, “शेठ, फीडबॅक येतोय का?” म्हटलं, येतोय, पण स्पीकरमधून नाही.
दोन्ही भाषणं रेकॉर्ड आहेत. प्रत्येक कार्यक्रम रेकॉर्ड करायचा हा माझा वीस वर्षांचा नियम. नंतर गिऱ्हाईक म्हणतं आवाजच आला नाही, तेव्हा त्यालाच ऐकवायचा!

१८ डिसेंबर
बायकोला, द्वारकाला, दोन्ही भाषणं ऐकवली. भाजी निवडता निवडता म्हणाली, “दोन्ही खरं असेल हो. शनिवारचं वेगळं, रविवारचं वेगळं.”

२० डिसेंबर, बुधवार
मेहबूबकडे गेलो. त्याचा गाळा म्हणजे आठ बाय सहा. फाटलेले स्पीकर, जळलेल्या कॉइल, छतापर्यंत. हिंगोलीहून एका पिशवीनिशी आलो तेव्हा याच गाळ्यात याच्या वडिलांनी मला सोल्डरिंग शिकवलं. पहिल्या दिवशी बोट भाजलं. चाचा म्हणाले होते, आता विसरणार नाहीस. विसरलो नाही. आज माझे तीन टेम्पो आहेत, पण कुठला स्पीकर कशाने बसला ते अजून मेहबूबलाच विचारतो.
मेहबूब शांत होता, ते मला आवडलं नाही. म्हणाला, “बद्री, मी लिलावाला बसणार आणि समोर मोबाइल शोरूमवाला. मी हात वर करीन तो घाम पुसायला.”
दुसरीकडे जा म्हणावं तर कुठे? गिऱ्हाईक गाळा शोधत येतं, माणूस नाही.
सहा जानेवारीला रावसाहेब मंडईच्या नव्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन करणार. गाळेवाल्यांनी काळे झेंडे दाखवायचं ठरवलंय. साउंड माझं. मी म्हटलं, झेंडे कशाला? मांजरी आणि सदाशिव पेठ एकापाठोपाठ लावतो. साहेबांना साहेबांचंच भाषण!
तेव्हा कुठे हसला.

२१ डिसेंबर
द्वारकाला सांगितलं. तिने एकच विचारलं, “सहा तारखेला हे वाजवणार, मग सात तारखेपासून काय वाजवणार?”
खरं आहे. वर्षाचे चाळीसेक कार्यक्रम रावसाहेबांचे. शिवाय त्यांची कामं गेली की बाकीचेही मला बोलावणार नाहीत – ज्याच्या मिक्सरवर आपलं बोलणं साठतं, त्याला कोण बोलावील?
पण चाचांचा गाळा आहे.

२३ डिसेंबर, शनिवार
नम्रता आली. माझी लेक, सोमवार ते शुक्रवार कंपनीत, शनिवारी एका नागरिक मंचात. ते पुण्यातल्या आमदारांचं प्रगतिपुस्तक काढतायत – हजेरी किती, प्रश्न किती, कुठल्या विधेयकावर मत काय. मी म्हटलं, वा, रावसाहेबांचं गाळ्यांवरचं मत सांग.
म्हणाली, “नोंदच नाही, बाबा. आवाजी मतदान होतं.”
म्हणजे अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. सभागृह ओरडतं. अध्यक्ष कानाने ठरवतात, होयचं बहुमत. झालं! कुणी काय म्हटलं ते कागदावर येत नाही. कुणी अडून बसलं तरच डोकी मोजतात. माझ्या धंद्यात एवढ्या बेभरवशावर आम्ही ‘माइक चेक’सुद्धा करत नाही.
“आणि हजेरी?” “चौदा तारखेला हजर. सही आहे.”
मग तिनेच सांगितलं की कामकाजाचं रेकॉर्डिंग नेटवर असतं. मला एवढंच हवं होतं.

२४ डिसेंबर, रविवार
दुपारी जेवून हेडफोन लावला तो चहापर्यंत.
चौदा तारीख, संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटं. विरोधी पक्ष गोंधळ घालून बाहेर गेलेला. आत फक्त सत्ताधारी, म्हणजे रावसाहेबांचेच लोक. अध्यक्षांनी विचारलं. “होय!” – मोठा, जाड, कंटाळलेला होय. जेवायला चला म्हटल्यावर येतो तसा.
मग, “प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं.”
शांतता.
आणि एक ‘नाही’!
एकच. मागच्या बाकांवरून. मोठा नाही, पण गिळलेलाही नाही. कॅमेरा अध्यक्षांवर, त्यामुळे चेहरा दिसत नाही. तुकडा कापला, मागचा पंख्याचा आवाज गाळला, पुन्हा पुन्हा ऐकला. ‘नाही’च्या आधी घशात एक छोटी खाकर. रावसाहेब प्रत्येक वाक्याआधी तशीच खाकरतात. ती यायच्या आत माझा हात आपोआप आवाज कमी करतो, वर्षानुवर्षांची सवय. आत्ताही हेडफोन लावून बसलेला माझा हात कमी करायला गेला.
हात चुकत नाही.
म्हणजे माणसाने पक्षाच्या सभागृहात, पक्षाच्या लोकांत बसून, एकट्याने नाही म्हटलं! सदाशिव पेठेत बोलले ते खरं. मांजरीत बोलले ते वरच्यांच्या भीतीने.
आणि मी त्यांची फजिती करायला निघालो होतो.

२५ डिसेंबर
नम्रताला ऐकवलं. म्हणाली, हा पुरावा नाही, खाकरणारे पुष्कळ असतात. प्रगतिपुस्तकात ‘नोंद उपलब्ध नाही’ असंच जाणार. इंजिनिअर आहे, तिला मीटरवर दिसल्याशिवाय ऐकू येत नाही.

२६ डिसेंबर, मंगळवार
मेहबूबला गाळ्यातच ऐकवलं, त्याच्याच दुरुस्त केलेल्या स्पीकरवर. तीन वेळा लावायला लावलं. मग म्हणाला, “तुला खात्री आहे?”
म्हटलं, चाचांनी शिकवलेला कान आहे.
 मेहबूब उठून शेजारच्या फुलवाल्याकडे गेला आणि सहा तारखेच्या हाराचं सांगून आला. काळं कापड परत!

६ जानेवारी, शनिवार
काय दिवस गेला!
सकाळी मंडईत रावसाहेब आले ते खांदे पाडून. कुणीतरी काळ्या झेंड्यांची कुणकुण दिलेली असणार – सोबत पोलीस चार जास्त. टाकीचा नळ सोडला, पाणी आलं, तेही आश्चर्यच. स्टेजवर चढले तर समोर अख्खी मंडई उभी आणि मेहबूबच्या हातात पुरुषभर उंचीचा हार.
मेहबूब आयुष्यात माइकवर बोललेला नाही. माइक दुरुस्त करणं वेगळं. आज बोलला. “चौदा डिसेंबरला सभागृहात सगळे होय म्हणाले. एक माणूस नाही म्हणाला. आमच्या गाळ्यांसाठी. तो माणूस आज इथे आहे.”
आणि हार घातला.
रावसाहेबांनी माइक हातात घेतला. मी खाकरीसाठी आवाज कमी केला. खाकर आली नाही. काहीच आलं नाही. मिक्सरवर बसलं की सेकंद आपोआप मोजले जातात – चार सेकंद. स्टेजवर चार सेकंद म्हणजे फार. साहेब मेहबूबकडे बघत होते, मग हाराकडे, मग पार मागपर्यंत माणसांकडे. अंड्यांवाल्या निशाताई चक्क डोळे पुसत होत्या.
मग म्हणाले, “हो. म्हटलं मी.”
अशा टाळ्या मी कुठल्या मंत्र्यालाही पडलेल्या ऐकल्या नाहीत. मिक्सरवरचे दिवे लाल झाले. आणि त्या टाळ्यांनी साहेबांना काय झालं कोण जाणे, पाठ सरळ झाली. पुढचं भाषण कागदाशिवाय. चालू गाळेवाल्यांपैकी एकालाही लिलावात जाऊ देणार नाही, सोमवारी मुंबईत मंत्र्यांच्या दारात बसतो, म्हणाले. मी वीस वर्षं त्यांना ऐकतोय. आज पहिल्यांदा माणूस बोलला.
उतरताना माझ्याजवळ थांबले. “बद्रीशेठ, सभागृहातलं ते तुम्ही ओळखलंत म्हणे?”
“आवाज तुमचा, साहेब. झोपेतही ओळखीन.”
साहेबांनी गळ्यातला हार नीट केला. मग म्हणाले, “कान फार चांगले आहेत तुमचे.” आणि गेले.
मांजरी-सदाशिव पेठेची क्लिप खिशातच राहिली. बरं झालं.

८ जानेवारी
चौकाचौकात फ्लेक्स! ‘एकटा नाही म्हणणारा वाघ.’ खाली मंडईच्या छत्तीस जणांचे फोटो, मेहबूबचा पासपोर्टवरचा, घाबरलेला. सदाशिव पेठेत दुकानदारांनीही लावला. तिथे खाली बारीक अक्षरात कुणीतरी पेनाने लिहिलंय – ‘बाकीच्या आमदारांनी नोंद घ्यावी.’

१५ जानेवारी, सोमवार
संक्रांत. रावसाहेबांच्या ऑफिसात तिळगूळ द्यायला गेलो. पक्षाने खुलासा मागितलाय म्हणे. पीए हळूच म्हणाला, साहेब दोनदा मागे फिरणार होते, पण फ्लेक्स बघतात आणि थांबतात. आता फिरले तर मंडईत भाजी घ्यायलाही जाता येणार नाही.
आतून साहेबांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. “मी सभागृहात नाही म्हटलंय! आता तुमच्यासाठी होय कसं म्हणू?”
छाती भरून आली.

२२ फेब्रुवारी, गुरुवार
झालं! मंत्र्यांनी जाहीर केलं – नियमावलीत सध्याच्या गाळेधारकांना लिलावातून वगळलं. करार आहे तसे वाढवून मिळणार.
मेहबूबच्या घरून अख्तरबानूवहिनींनी शीरखुर्मा पाठवला. ईद नाही, काही नाही. डब्यासोबत निरोप – “बद्रीभाऊंच्या कानांना.”
द्वारका म्हणाली, “या कानांना मी परवा कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या होत्या. डाळ करपली.”

२९ फेब्रुवारी
मेहबूबच्या करारावर सही झाली.  बाहेर आल्यावर त्याने गाळ्यात बसून एक फाटका स्पीकर उघडला आणि माझ्या हातात सोल्डरिंग गन दिली. बोट पुन्हा भाजलं. खूप हसलो दोघं.

२ मार्च, शनिवार
नम्रताचं प्रगतिपुस्तक छापून आलं. रावसाहेब – हजेरी उत्तम, प्रश्न बरे, गाळे विधेयकावरील मत: नोंद उपलब्ध नाही. मी पेनाने पुढे ‘नाही’ लिहिलं आणि कपाटात ठेवलं. माझ्या घरापुरती तरी नोंद हवी.

३ मार्च, रविवार
कात्रजच्या एका लग्नवाल्यांचा फोन आला, आमच्या समारंभाचं रेकॉर्डिंग द्या. तिथे कासिम गेला होता, मी नव्हतो. फाइल उघडली. तारीख चौदा डिसेंबर. मंगलाष्टकं, गोंधळ, मग सत्कार, आणि ओळखीची खाकर. “नवदांपत्याला माझे आशीर्वाद.” रावसाहेब. वेळ सहा वाजून अकरा मिनिटं, नागपूरच्या त्या ‘नाही’च्या एक मिनिट आधी.
सकाळी नागपुरात सही, दुपारचं विमान, संध्याकाळी कात्रज.
मंडईच्या स्टेजवरचे ते चार सेकंद आत्ता ऐकू आले.
फाइलमधला साहेबांचा आशीर्वाद कापून बाकीचं लग्न पाठवून दिलं. मग हेडफोन लावून नागपूरचा तो ‘नाही’ परत ऐकला. मागच्या बाकावरचा कोण असेल तो? कुठल्या गावचा, कुणाच्या गाळ्यासाठी म्हणाला असेल? त्याला कुणी हार घातला नसणार.
हात या वेळी आवाज कमी करायला गेला नाही. वाढवायला गेला.