बाळासोंच्या बोर्डावरची हसरी अक्षरं

सांगली,
१८ फेब्रुवारी २०२५

चांदचाचा,

वीरधवलचा सलाम. गुडघे कसे आहेत? इकडं ऊन आत्ताच तापलंय. आधी बेदाण्याच्या पेट्या उचलत होतो, आता फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. परवा मिरजेत एका टेम्पोच्या पाठीवर मोर बघितला, मान बदकाची. तुम्ही असता तर टेम्पो थांबवून तो मोर पुसून टाकला असता.

असो. तुमच्या अर्फाचा फोन आला होता. अब्बांनी ब्रशांचा डबा माळ्यावर टाकलाय म्हणाली.

चाचा, बोर्ड रंगवायला शिकता शिकता तुमच्याकडून पळालो तेव्हा भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो घेऊन पळालो होतो. हसऱ्या अक्षरांचा. डोक्यावरची रेघ दोन्ही टोकांना वर वळलेली, ब चं पोट सुटलेलं, वेलांटीला मिशीचा पीळ. इथल्या अजीमनं त्याचा फॉन्ट केला. बटण दाबलं की तुमचं अक्षर उमटतं. भेळेची गाडी, बारशाची कमान, शर्यतीचं मैदान, सगळीकडं तेच. गिऱ्हाइकं लय खूष. मीही.

तुम्ही सांगायचा, "वीऱ्या, ही अक्षरं पेढ्याच्या दुकानावर काढ, नवरदेवाच्या गाडीवर काढ. मयताच्या दारात न्हाई रं. तिथं सरळ रेघ." सरळ रेघ शिकायला तुम्ही बसवलं, अन् चौथ्या दिवशी मी सांगलीच्या गाडीत होतो.

आपल्या गावच्या सुभेदार बाळासोंच्या दहाव्याचा बोर्ड मी केला. त्यांच्या पुतण्यानं, भाऊसोनं, गावचा माणूस म्हणून मला काम दिलं. साधे फॉन्ट पंधरा होते दुकानात. पण आपल्या उंब्रजच्या चौकात माझं काम दिसणार होतं ना! 'भावपूर्ण श्रद्धांजली' त्याच अक्षरांत टाकलं. मोबाइलवर बोर्डाचा फोटो बघून भाऊसो म्हणाला, "आरं, ही अक्षरं अशी का?"

मी म्हणालो, "चांदचाचांनीच दिलीत. त्यांना विचारूनच केलंय."

हे माझं खोटं अर्फाला माहीत नाही. तुम्हाला कळलं असणार.

बाकीचं तिनंच फोनवर सांगितलं. बाळासोंच्या बनुबाई तुमच्या दारात आल्या, म्हणाल्या, "माझा मालक गेला, आन तुमची अक्षरं दात काढत्यात व्हय?" तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. म्हणालात, "चुकलं माझं, वहिनी."

हे ऐकल्यापासून जेवण गोड लागत नाही. फॉन्ट माझ्या मशीनवरून पुसला, पण अजीमनं तो आणखी कुणाकुणाला दिलाय. ती अक्षरं आता कुठं कुठं हसतील, ते माझ्या हातात नाही.

आठ दिवस पत्र्यावर सरळ रेघा मारतोय. रविवारी येतो. आधी बनुबाईंच्या दारात, भाऊसोला समोर बसवून, खरं काय ते सांगणार. मग तुमच्याकडं. दार उघडलं नाही तरी ओट्यावर बसेन.

खाली नाव ब्रशनं काढलंय, साध्या अक्षरांत. रेघ तिसऱ्या अक्षरावर वाकलीय. दिसतंय मला.

वीरधवल