मागच्या खोलीतली लाईन

प्रिय बंड्या,

तुझ्या दोन्ही पार्सलांची पोच द्यायची राहून गेली. फोनवर धड बोलणं होत नाही आणि मेसेजमध्ये मला मुद्द्यावर येता येत नाही, म्हणून हे पत्र. लांबेल. दुसऱ्यांची प्रुफं तपासून पोट भरणाऱ्याला स्वतःच्या मजकुरावर काट मारवत नाही.

पहिलं पार्सल ते शिंगवालं वायरलेस अ‍ॅडॉप्टर. लॅपटॉपला खोचलं आणि हात जोडले. शब्द हा आकाशाचा गुण, असं आम्ही विद्यार्थिदशेत घोकलं होतं. पण मधे स्वयंपाकघर, दोन जाड भिंती आणि लोखंडी कपाट आलं की आकाशही हात टेकतं, हे कुठल्या शास्त्रीबुवांनी सांगितलं नव्हतं. राउटर पुढच्या खोलीत, तुझी आई मागच्या. तिला पुढे आणावं तर चाकाची खुर्ची मधल्या बोळात वळत नाही. कपाट सरकवलं, राउटर उंच फळीवर चढवला, फरक पडला तो नावापुरता. सकाळी अकराला स्पीच थेरपीच्या बाई पडद्यावर आल्या की दुसऱ्याच मिनिटाला त्यांचं तोंड उघडं राहून चित्र थिजायचं. त्या बिचाऱ्या विचारायच्या, काका, आत्ता अक्षर तुटलं ते काकूंचं की तुमच्या नेटचं? मी छातीठोकपणे सांगायचो, नेटचं हो, नेटचंच! जिच्यापुढे अठ्ठावीस वर्षांत मला एक वाक्य पुरं करायला मिळालं नाही, तिची जीभ अर्धांगाच्या एका झटक्यानं अशी अडेल, हे मला चार महिन्यांनंतरही पटत नव्हतं.

मग आली ती डब्यांची जोडी, विजेच्या तारेतूनच इंटरनेट नेणारी. एक डबी राउटरपाशी, दुसरी आईच्या खाटेपाशी. मी ती एक्स्टेन्शन बोर्डावर लावली आणि वेग मुंगीचा मिळाला. त्यावर तू दटावलंस, अहो बाबा, थेट भिंतीत लावा, किती वेळा सांगू! लावली. डब्या एकमेकींशी जुळायला दोन्हीकडची बटणं दोन मिनिटांच्या आत दाबायची म्हणून तुझे वडील या वयात घरातल्या घरात धावले आणि स्टुलावर गुडघा फोडून घेतला. आई हसली. अर्ध्याच चेहऱ्यानं, पण पोटभर.

आणि बंड्या, डबी चालली. दुसऱ्या दिवशी बाईंच्या चष्म्यावरचा डागसुद्धा दिसत होता. तारेत खरखर नको म्हणून मिक्सर लावायचा नाही एवढं पथ्य पाळलं आणि अर्ध्या तासात चित्र एकदाही अडलं नाही. पाणी, पान, पाय. पाणी, पान, पाय. बाईंनी तेच शब्द तिच्याकडून पुन्हा म्हणून घेतले. मग मला लॅपटॉप बाहेर न्यायला सांगून हळूच म्हणाल्या, काका, आज लाईन स्वच्छ आहे, त्यामुळे कळलं. तुटतंय ते काकूंचंच. पहिल्या महिन्यात होतं, तिथंच आहे.

मी त्यांचे आभार मानले. आभारच मानले बघ. भिंतींना दोष देत चार महिने काढले होते. भिंती निमूट ऐकून घेतात, आता दोष द्यायला कोणी उरलं नाही.

त्या रविवारी तुझा व्हिडिओ फोन यायच्या आधी मी डबी भिंतीतून काढून ठेवली. चित्र थिजलं, आवाज फुटला, आणि तू म्हणालास, आई, लाईन तुटतेय गं, काही कळत नाहीये, ठेवतो, पुढच्या रविवारी करतो. मी मागून ओरडलो, हो रे, लाईनच! असं तीन रविवार केलं. डबी बिघडली म्हणून तुला सांगितलं आणि तू बिचारा नवी शोधायला लागलास. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून केलं, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं सांगू? लाईन खराब असली तर ती दुरुस्त होऊ शकते, एवढ्यावर मी जगत होतो.

गेल्या रविवारी डबी काढून उठतोय तर आईनं चांगल्या हातानं माझा सदरा पकडला. काहीतरी सांगायला लागली. मी सवयीनं पुरवठा सुरू केला, पाणी? उशी? पंखा? तिचे डोळे असे पेटले की मी गप्प बसलो. जवळजवळ एका मिनिटानं शब्द आला. 'लाव.' स्वच्छ, खणखणीत. मी लावेपर्यंत तुझा फोन येऊन, तुटून, संपलासुद्धा. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसापासून आज पाच दिवस ती बाईंपुढे तोंड उघडत नाही, माझ्यापुढेही नाही. बाई म्हणतात, आत्ता बोलायचं सोडलं तर आहे तेवढंही जाईल. कोणाशी बोलावंसं वाटतंय तेवढं शोधा. ते मला शोधावं लागलं नाही.

म्हणून लिहितोय. आता आणखी काही विकत घेऊन पाठवू नकोस. हे पत्र हाती पडेल त्यानंतरच्या रविवारी डबी भिंतीत असेल आणि मी तोंडाला कुलूप लावून बसेन. तुला बघून ती तुझं नाव घ्यायला जाईल. 'ब'वर तिचे ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. तुला वाटेल, चित्र थिजलं. पापण्या लवताना दिसल्या की समज, लाईन चालू आहे. तिच्या ओठांवरचं तुझं नाव तू पुरं करू नकोस, लाईनवर ढकलू नकोस, घड्याळ बघू नकोस. फक्त फोन ठेवू नकोस, बाळा. ती येतेय.

तुझाच खोटारडा,
बाबा